बीकॉम झाल्यावर नाटकाचं रीतसर शिक्षण घ्यावं की सरळ मुंबई गाठावी?

तासगावची_पोर

नमस्कार सगळ्यांना, टीवाय बीकॉमला आहे, सांगलीत कॉलेज. तीन वर्षं एकांकिका केल्या, पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला कोल्हापूर केंद्रावर दोनदा, राज्य नाट्य स्पर्धेत एकदा छोटा रोल. आता डोक्यात पक्कं आहे की नाटकच करायचं, सिरीयल वगैरे नंतर मिळाली तर बघू पण रंगमंचावर काम करून पोट भरायचं आहे. घरी बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. ज्या गावात १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं त्या सांगलीपासून अर्ध्या तासावर राहून नाटक हा पण धंदा असतो हे घरी पटवावं लागतंय, हसावं का रडावं कळंना.

तर प्रश्न असा की एनएसडीचा (दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय) फॉर्म भरू, का पुणे-मुंबई विद्यापीठात नाट्यशास्त्रात एमए, का दोन्ही सोडून सरळ मुंबईला जाऊन कुणाच्या तरी तालमीत बसू? एक खासगी अ‍ॅक्टिंग क्लास पण बघितला, सहा महिन्यांची फी ऐकून बाबांना सांगितलंच नाही. आणि एक, स्पर्धेत दुसऱ्या दिवशी प्रयोग असला की माझा आवाज बसतो, त्याला काय घरगुती उपाय असेल तर तो पण सांगा.

जुना_हौशी

पोरी, मी चाळीस वर्षं हौशी रंगभूमीवर आहे. आजवर एकाही निर्मात्याने कुणाला सर्टिफिकेट मागितलेलं बघितलं नाही. डॉ. लागू घशाचे सर्जन होते, घाणेकर दाताचे डॉक्टर. कुठल्या नाट्यशाळेत गेले होते? स्पर्धा कर, चांगल्या दिग्दर्शकाच्या हाताखाली झाडू मारायला लाग, आपोआप येतं. आवाजाला जेष्ठमध चघळ.

तिसरी_घंटा

काका आदर ठेवून बोलतो, पण 'आपोआप येतं' हे अर्धंच खरं आहे. दिग्दर्शिका विजयाबाई मेहता नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींकडे शिकल्या आणि मग रंगायन या नाट्यसंस्थेत त्यांनी किती जणांना घडवलं. डिग्री नव्हती पण तालीम होतीच की. प्रश्न कागदाचा नाहीच, रोज सकाळी कुणीतरी तुमच्या चुका पकडणारं आहे का एवढाच आहे.

मी विद्यापीठातून दोन वर्षांचा कोर्स केला, आता व्यावसायिक नाटकात आहे (मोठा रोल नाही, दुसऱ्या अंकात येतो). पहिले तीन महिने आम्हाला एक संवाद बोलू दिला नाही. सकाळी सातला व्यायाम, मग जमिनीवर आडवं पडून नुसता श्वास, मग चालणं. साधं चालणं! मी पाच वर्षं स्पर्धा गाजवून गेलेलो, मला वाटलं हे काय बालवाडी लावलीय. एक दिवस सरांनी मला रंगमंचावर मधोमध उभं केलं आणि म्हणाले काही करू नकोस, दोन मिनिटं फक्त उभा रहा. मला जमेना. हात कुठे ठेवू कळेना, डोळे भिरभिरायला लागले, शेवटी उगाच केस सारखे केले तर सगळा वर्ग हसला. एकांकिकेत पस्तीस-चाळीस मिनिटांत टाळी घ्यायची सवय लागते ना, सगळं वरच्या पट्टीत, प्रत्येक वाक्य शेवटचं असल्यासारखं. ती सवय मोडायलाच माझं एक वर्ष गेलं. दोन-अडीच तासाचं नाटक, त्यात शनिवारी एक आणि रविवारी दोन प्रयोग, तिथे ती पट्टी टिकत नाही.

विद्यापीठाची फी त्या खासगी क्लासच्या मानाने काहीच नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात कलिन्याला अकादमी ऑफ थिएटर आर्ट्सचा दोन वर्षांचा मास्टर्स आहे, संभाजीनगरला विद्यापीठात जुना विभाग आहे. दोन-तीन ठिकाणी फॉर्म भर.

मंडी_हाऊस_रिटर्न

एनएसडीबद्दल विचारलंस म्हणून. कोर्स तीन वर्षांचा, तिथेच राहायचं, दरमहा शिष्यवृत्ती मिळते त्यामुळे घरून फार पैसे लागत नाहीत (हे बाबांना आधी सांग). पदवी लागते, वय १८ ते ३०, आणि निदान ६ नाटकांत काम केल्याचा पुरावा मागतात, म्हणून ब्रोशर, कात्रणं, सर्टिफिकेटं आत्तापासून एका फाईलला लाव. अटी बदलत असतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचूनच भर. पहिली चाचणी मुंबईत देता येते, त्यातून निवडलेल्यांना दिल्लीत काही दिवस वर्कशॉपला बोलावतात आणि तिथे खरी कसोटी. पाठ केलेलं स्वगत ते मधेच थांबवतात आणि म्हणतात आता हेच तू भाजी विकतेयस असं म्हण. तिथे पाठांतरवाले गळतात. देशभरातून मूठभर जागा असतात त्यामुळे नाही झालं तर मनाला लावून घेऊ नको, माझं दुसऱ्या वेळी झालं.

पहिलं वर्ष सगळ्यांना सगळं. मेकअप, सुतारकाम, लाईट, संस्कृत नाटक, ग्रीक नाटक. दुसऱ्या वर्षापासून अभिनय किंवा डिझाईन-दिग्दर्शन.

आता जे कुणी सांगत नाही ते. तीन वर्षं हिंदीत जगल्यावर परत आले तर माझा 'ळ' पातळ झाला होता. खरंच! पहिल्याच मराठी तालमीत लेखक म्हणाले बाई 'वेळ' म्हणा, 'वेल' नको. आणि ज्या पोरांबरोबर मी एकांकिका करत होते ती तोवर दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात, म्हणजे व्यावसायिक नाटकात सेट झालेली, मला नव्याने ओळखी काढाव्या लागल्या. रोहिणी हट्टंगडी, अतुल कुलकर्णी ही माणसं तिथूनच आली हे खरं, पण तिथून आलेली आणि तुम्हाला नाव माहीत नसलेली माणसं कितीतरी जास्त आहेत. मी त्यातलीच. पश्चात्ताप नाही, फक्त सांगून ठेवते.

तासगावची_पोर

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. तिसरी घंटा दादा, पैशाचं पण थोडं सांगा ना, व्यावसायिक नाटकात पगार असतो का?

तिसरी_घंटा

पगार नाही, नाईट असते. प्रयोग झाला की त्या रात्रीचे पैसे, मेकअप उतरवताना पाकीट येतं. प्रयोग नाही तर पैसे नाहीत. परीक्षा, पाऊस, निवडणूक, क्रिकेटची फायनल, सगळ्याला प्रयोग रद्द होतात. म्हणून आमच्यातले बरेच जण डबिंग करतात, शाळेत नाट्यवर्ग घेतात, मी पण घेतो. पहिलं काम बहुतेकांना रिप्लेसमेंटचं मिळतं, म्हणजे कुणीतरी सोडून गेलं की चार दिवसात अख्खं नाटक उभं करायचं. शिकलेलं तिथे उपयोगाला येतं, कारण तेव्हा दिग्दर्शक समोर नसतो, असलाच तर घाईत.

विंगेतला_उंदीर

बॅकस्टेजवाला आहे, तीस नाटकांना साऊंड केलाय. बाकी सगळं बरोबर असेल, पण तिच्या पोस्टमधलं खरं वाक्य शेवटचं होतं आणि त्यावर एकाच काकांनी उत्तर दिलं, ते पण जेष्ठमध. दुसऱ्या दिवशी आवाज बसतोय याचा अर्थ ती घशातून ओरडतेय. हल्ली फूटमाईक (रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले माईक) असतात म्हणून पोरं बिनधास्त असतात, पण माईक फक्त आवाज मोठा करतो, घोगरा आवाज घोगराच मोठा येतो. दौऱ्यावर एका नटीचा आवाज गेलेला मी बघितलाय, सलग चार प्रयोग, चौथ्याला तिसऱ्या रांगेपलीकडे शब्द कळेना, पुढच्या आठवड्यात दुसरी मुलगी आली. कुणी वाईट नव्हतं त्यात, बुकिंग झालेलं होतं.

तेव्हा ताई, एमए का एनएसडी हे नंतर. आधी सांगलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरला स्वरयंत्र दाखव. गाठबीठ नसली तर जिथे जाशील तिथे पहिला प्रश्न हा विचार की आवाजाचा वर्ग आठवड्यातून किती वेळा असतो आणि शिकवतं कोण.

जुना_हौशी

उंदीरराव बरोबर बोलले. जेष्ठमध मागे घेतो.

तासगावची_पोर

सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. बाबाच घेऊन येणार आहेत, त्यांना वाटतंय डॉक्टर नाटक बंद करा म्हणतील 😅