मदत हवी आहे : सेस्ना १५० विमानाच्या एअरबॉक्समधून (कार्ब्युरेटरला हवा देणाऱ्या खोक्यातून) पेट्रोल ठिबकतंय, व्हॉल्व्ह बंद करत राहणं हाच उपाय का?

नमस्कार मंडळी,

ऑस्टिनजवळच्या एका छोट्या विमानतळावर आम्ही चौघांनी मिळून १९६६ चं सेस्ना १५० घेतलं आहे. कॉन्टिनेन्टल ओ-२०० इंजिन, १०० अश्वशक्ती. टाक्या वर पंखांत, कार्ब्युरेटर इंजिनाच्या खाली, मध्ये पंप नाही. पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येतं.

दीड महिन्यापूर्वी हँगरचं दार उघडलं आणि वास आला. पुढच्या चाकावर निळा डाग (१००एलएल हे विमानाचं पेट्रोल निळंच असतं, सुकलं की रंग मागे राहतो) आणि एअरबॉक्सच्या तळाच्या भोकाशी एक थेंब लोंबत होता. घड्याळ लावून बसलो तर साधारण ४० सेकंदांना एक थेंब. घरून स्टीलची वाटी नेऊन खाली ठेवली, दोन तासांत चमचाभर जमलं. शट-ऑफ व्हॉल्व्ह बंद केला की काही वेळाने थांबतं, उघडला की पुन्हा सुरू. इंजिन चालतं उत्तम, पण बंद करताना मिक्स्चर (पेट्रोल कमी करत तोडायची मूठ) ओढलं की आरपीएम शंभरेक वाढतो. तो २५ ते ५० वाढायला हवा ना?

आमचे मेकॅनिक म्हणतात, "जुन्या विमानांचं असंच असतं, उतरलात की व्हॉल्व्ह बंद करा." बाबांच्या चेतकला आम्ही तेच करायचो. घरी आलं की कॉक बंद, नाहीतर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो. पण कॉक उघडायचा राहिला तर स्कूटर पुढच्या चौकात बंद पडायची, एवढंच. इथे व्हॉल्व्ह बंद असला तरी नळीत आणि फ्लोटच्या वाटीत (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता फ्लोट असतो ती) उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू होतं, विमान धावपट्टीपर्यंत जातं, आणि कदाचित नेमकं जमीन सोडल्यावर बंद पडतं. विमान उडवणारे चार जण, चौघांच्या सवयी वेगळ्या. सीटांच्या मधल्या त्या व्हॉल्व्हवर आम्ही लाल पट्टी अडकवली आहे, तरी मला रात्री झोप लागत नाही.

दुसरी भीती आगीची. एअरबॉक्समध्ये पेट्रोल साचलेलं असताना सुरू करताना बॅकफायर (उलटा भडका) झाला तर ते पेटतं. म्हणून सुरू करण्याआधी थ्रॉटल पंप करणं आम्ही पूर्ण बंद केलं आहे. पेटलंच तर मिक्स्चर ओढून स्टार्टर फिरवतच ठेवायचा, म्हणजे ज्वाळा आत ओढल्या जातात, हे चौघांनी पुन्हा पाठ केलं.

गॅस्कोलेटर (वाटेतली पेट्रोलची गाळणी) आम्ही स्वतः उघडून धुतला, तेवढं वैमानिक-मालकाला करता येतं. आत काहीच नव्हतं. कार्ब्युरेटर उघडायचा अधिकार आम्हाला नाही, तो मेकॅनिकनेच उघडायचा. त्यामुळे त्यांच्याकडे नेमकं काय मागायचं ते मला समजून घ्यायचं आहे. नीडल आणि सीट (पेट्रोल अडवणारी सुई आणि तिची बैठक) की फ्लोट? का वेगळंच काही?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं अशाच इंजिनांवर काम केलं आहे. आधी प्रायमर (सुरू करताना इंजिनात जादा पेट्रोल सोडायचा हातपंप) बघा. तोही व्हॉल्व्हच्या खालूनच पेट्रोल घेतो, त्यामुळे व्हॉल्व्ह बंद केल्यावर गळती थांबली म्हणजे दोष कार्ब्युरेटरचाच, असं होत नाही. प्रायमरचे रबरी ओ-रिंग गेले की पेट्रोल इनटेकमधून उतरून त्याच एअरबॉक्समध्ये येतं. मेकॅनिकना प्रायमरची नळी इंजिनाकडून सोडवून इंजिनाच्या बाजूला टोपी लावायला सांगा आणि तासभर थांबा. नळीचं टोक ओलं तर प्रायमर. टोक कोरडं आणि खालच्या स्टीलच्या वाटीत थेंब, तर कार्ब्युरेटर.

तुमचा शंभर आरपीएम वाचून मला कार्ब्युरेटर वाटतो. फ्लोटच्या वाटीत पातळी वर चढली की आयडलला (इंजिन मंद चालताना) मिश्रण जाड होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने फ्लोटच्या वाटीवर हलकेच टकटक करून बघा. ठिबकणं थांबलं तर सीटवर कचरा अडकलाय. फ्लोट पोकळ जातीचा असेल तर काढून कानाशी हलवायला सांगा; आत पेट्रोल शिरलं असेल तर आवाज येतो. असा फ्लोट जड होऊन खाली बसतो आणि नीडल पूर्ण मिटत नाही.

आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती आवर्जून स्वतः बघा. गॅस्कोलेटर स्वच्छ असून इथे कचरा मिळाला, तर तो मधल्या रबरी नळीतून येतोय. ती न बदलता नवी नीडल टाकलीत तर दोन महिन्यांत पुन्हा हाच धागा काढाल. एअरबॉक्सचं भोक मात्र कुणी सीलंट लावून बुजवू नका. पेट्रोल आत साचू नये म्हणूनच ते आहे.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

मनापासून आभार. प्रायमरची नळी तासाभरानंतरही खडखडीत कोरडी होती. टकटक केल्यावर ठिबकणं थांबलं, उड्डाणानंतर परत सुरू झालं. मेकॅनिकनी जाळी काढली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. बोट फिरवलं तर काळे कण, चिमटीत दाबले की चुरा होणारे. गॅस्कोलेटरपासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी बाहेरून ठणठणीत दिसत होती, उभी चिरली तर आतला थर पापुद्र्यासारखा सुटला होता. फ्लोट हलवून पाहिला, आवाज नाही.

नळी, नीडल, सीट, गॅस्केट सगळं बदललं, पातळी मोजून लावली. परवा रात्रभर व्हॉल्व्ह मुद्दाम उघडा ठेवला आणि खाली वाटी. सकाळी वाटी कोरडी. मिक्स्चर ओढल्यावर आरपीएम आता ४० वाढतो.

एकच विचारायचं राहिलं. जुन्या नळीवर तारखेचा बिल्लाच नव्हता, त्यामुळे ती किती वर्षांची होती हे आम्हाला कळलंच नाही. इंजिनाच्या बाजूच्या बाकीच्या रबरी नळ्यांवरही बिल्ले नाहीत. त्या दिसायला बऱ्या असल्या तरी आत्ताच सगळ्या बदलून घ्याव्यात का?