गॉल बंदरात शिडाची नौका ठेवण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत आम्ही दोघे अकरा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून श्रीलंकेतील गॉल येथे चार दिवस थांबणार आहोत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात तेथील समुद्र खवळलेला असतो, म्हणून तो काळ टाळून मुद्दाम हा हंगाम निवडला आहे.

पोर्तुगीजांनी पाया घातलेला आणि १६४० मध्ये गॉल जिंकल्यावर डचांनी भक्कम केलेला किल्ला तटावरून पूर्ण फिरून, सावकाश पाहावा, ही माझी फार वर्षांची इच्छा आहे. पण नौका सुरक्षित असल्याची खात्री नसेल तर मन किल्ल्यात रमणार नाही. मागच्या एका बंदरात रात्री लाटेने नौका धक्क्यावर घासत राहिली, दोन फेंडर (नौका धक्क्यावर घासू नये म्हणून बाजूला टांगलेल्या फुगीर गाद्या) फाटले आणि डाव्या बाजूचा रंग हातभर खरवडला गेला.

तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे, की धक्क्याला समांतर बांधावे, की पुढे नांगर टाकून मागची बाजू धक्क्याकडे ठेवावी? नौकेवर कोणी नसताना ती दिवसभर सोडून जाता येते का? प्रवेशाच्या कागदपत्रांसाठी एजंट आधीच ठरवावा लागतो का, आणि पिवळे निशाण (प्रवेशाची परवानगी मिळेपर्यंत नौकेवर लावायचे) लावून साधारण किती वेळ थांबावे लागते, हेही कळल्यास मुक्कामाचे दिवस नीट आखता येतील.