किमोऐवजी सदाफुलीची पानं?

लेकीची आई: सोसायटीच्या ग्रुपवर पोस्ट आली: 'रोज सदाफुलीची पाच पानं चावा, किमो टाळा.' राहवलं नाही म्हणून लिहिते. माझ्या लेकीला सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. तिला दिलेलं व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीतूनच येतं, पण एका ग्रॅमसाठी जवळजवळ अर्धा टन सुकी पानं लागतात. सुई शिरेतच आहे ना, हे सिस्टर दोनदा बघायच्या, कारण औषध बाहेर झिरपलं तर मांस जळतं. एवढं जपूनही तिची बोटं बधिर झाली, फ्रॉकची बटणं मी लावायचे. हे पाच पानांवर सोडायचं?

मातीतला: ताई, लेक बरी झाली ना? मग श्रेय झाडालाही द्या. डॉक्टरांनी हात टेकल्यावर मी वडिलांना लक्ष्मीतरूचा काढा दिला. चार घास पोटात जायला लागले. शेवटचे दोन महिने अंगणात बसून काढले. झाडपाला म्हटलं की तुम्ही सगळे तुटून पडता.

घाटवाट: झाडांचा एवढा पुळका आहे तर आमच्या नरक्याच्या झाडाबद्दल बोला! त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपायी, म्हणजे कॅन्सरच्या औषधासाठी लागणाऱ्या द्रव्यापायी, सह्याद्रीत मुळासकट उपटला गेला तो. लहानपणी फुलोऱ्याच्या घाण वासावरून आम्ही झाड ओळखायचो. आता त्या उतारावर नुसते खड्डे आहेत.

मातीतला: ते कंपन्यांचं पाप. आयुर्वेदाच्या माथी मारू नका.

घाटवाट: कुणी मारलं? नीट वाचा आधी! तोडणारे आमच्याच वाडीतले, किलोमागे चिल्लर मिळायची. पकडले गेले तेही तेच. माल उचलणारा कधी दिसलाच नाही.

रेणू-पुणे: कॅम्प्टोथेसिन १९६६ साली अमेरिकेत वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून काढलं. वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे, टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषधही याच जोडीचं. पण सुरुवातीच्या चाचण्यांत रुग्णांच्या लघवीतून रक्त जायला लागलं आणि काम थांबलं. रेणूत बदल करून बनवलेली टोपोटेकान, इरिनोटेकान ही औषधं अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ उजाडलं. तीस वर्षं! काढा उकळून हे होत नाही.

मातीतला: बरं, पानं चावू नयेत, मान्य. पण काढ्यावरून मला शिकवू नका. तुम्ही त्या घरात नव्हता.

लेकीची आई: नव्हते. वडील चार घास जेवले हे वाचून बरं वाटलं, मनापासून सांगते. पण आमच्या वॉर्डात एका मुलाला चार महिने काढ्यावर ठेवून मग आणलं होतं. त्याची आई शेजारच्या खाटेवर बसलेली असायची, कुणाशी बोलायची नाही. ती पोस्ट मी काढायला लावली आहे.

घाटवाट: आणि नरक्याचं काय?