मदत हवी आहे: तेर्नाते आणि तिदोरेचं भांडण नीट समजवा कोणीतरी

नमस्कार मंडळी, भाऊ इंडोनेशियाहून आला तेव्हा १००० रुपियाची जुनी नोट घेऊन आला, मागे समुद्रात होडी आणि दोन डोंगरासारखी बेटं, त्यातलं एक तिदोरे. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. समोरच तेर्नाते, मध्ये जेमतेम खाडीएवढं पाणी, दोन्हीकडे ज्वालामुखी, दोन्हीकडे लवंग आणि दोन्हीकडे सुलतान! तेर्नातेने पोर्तुगीजांना जवळ केलं, १५२१ मध्ये मॅगेलनची उरलेली स्पॅनिश जहाजं आली तर तिदोरेवाल्यांनी लगेच त्यांना धरलं, म्हणजे आपल्याकडच्या भाऊबंदकीसारखंच, शेजाऱ्याचा शत्रू तो आपला पाहुणा. आणि गंमत म्हणजे सोयरीकही चालूच, तेर्नातेचे सुलतान तिदोरेच्या मुली करायचे.

मला अडलंय ते पुढे. तेर्नातेच्या सुलतान तबारिजीला पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये पदच्युत करून आपल्या गोव्यात पाठवलं, तिथे तो ख्रिश्चन झाला. नंतर १५७० मध्ये सुलतान हैरूनचा खून केला आणि त्याच्या मुलाने, बाबुल्लाहने, पोर्तुगीजांच्या किल्ल्याला वेढा घालून १५७५ मध्ये त्यांना हाकललंच. मग ते तिदोरेला गेले आणि तिदोरेने ठेवून पण घेतलं!! हे निव्वळ तेर्नातेवरच्या रागातून की लवंगेच्या गिऱ्हाइकासाठी? आणि तबारिजीच्या गोव्यातल्या दिवसांबद्दल मराठीत किंवा कोकणीत काही वाचलंय का कोणी? गोव्याचे कोणी असाल तर प्लीज सांगा, इंग्रजी पण चालेल पण जाडजूड नको.