मेट्रो-१ आणि फ्लॅटचे भाव: एक स्टेशन काढलं की रिझल्ट गायब, काय करू?

एमए_पार्ट_टू: मंडळी, माझं डेझर्टेशन वर्सोवा-घाटकोपर मेट्रोमुळे आजूबाजूच्या फ्लॅटचे भाव वाढले का यावर आहे. जून २०१४ च्या आधी आणि नंतर, स्टेशनपासून एक किमीच्या आत आणि बाहेर, साधं डिफ-इन-डिफ, म्हणजे आतल्या भावांतला बदल वजा बाहेरच्या भावांतला बदल. रिझल्ट मस्त आला, फरक निव्वळ योगायोग नसावा असं सांगणारे स्टार वगैरे लागले. मग गाइड मॅडम म्हणाल्या रोबस्टनेस दाखव, म्हणजे मॉडेल थोडं बदललं तरी रिझल्ट टिकतो का ते, तर बिल्डिंगचं वय टाकलं, मजला टाकला, लॉग घेऊन बघितलं, आकडा जागचा हलेना, मी खूश, आणि काल रात्री सहज अंधेरीचे फ्लॅट काढून रन मारला तर आकडा निम्म्यावर आणि स्टार गुल. सोमवारी दाखवायचंय. हा रन टेबलात टाकू की गपचूप बसू?

टीस्टॅट_ताई: टाक रे बाबा. मजला आणि वय यांचा मेट्रो कुठून गेली त्याच्याशी संबंधच काय, मग आकडा हलेल कशाला, ती काही टेस्ट नाही. अंधेरीवाला रन ही खरी टेस्ट. आणि विचार कर, अंधेरी-घाटकोपरला लोकल आधीपासून होती, साकीनाका-असल्फाला नव्हती, म्हणजे फरक तिकडे जास्त दिसायला हवा ना? तुझ्याकडे उलटं, म्हणजे अंधेरीत त्याच वर्षांत दुसरंच काहीतरी घडत असणार. बाराही स्टेशनं एकेक करून काढून बघ. स्टँडर्ड एरर (आकड्यातली अनिश्चितता) स्टेशनवार क्लस्टर केलेस का, म्हणजे एका स्टेशनजवळचे फ्लॅट एक गट धरून? १२ क्लस्टर फार कमी, वाइल्ड बूटस्ट्रॅप (कमी गट असताना वापरायची पद्धत) लाव, अर्धे स्टार तिथेच गळाले तर नवल नाही.
आणि गपचूप बसायचं म्हणशील तर राइनहार्ट-रोगॉफ ही अर्थशास्त्रज्ञांची जोडी आठव. कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढ उणे ०.१ टक्का, असा त्यांचा २०१० चा पेपर. २०१३ मध्ये एका पीएचडीच्या पोराने त्यांचीच एक्सेल फाइल उघडली तर सरासरीत ५ देश घ्यायचेच राहिलेले. ते आणि बाकीचे घोळ दुरुस्त केल्यावर आकडा २.२.

कांदिवली_लोकल: प्लासीबो पण कर की. फक्त २०१४ च्या आधीचा डेटा घे, मेट्रो २०११ ला आली असं धर आणि तोच रन मार. तरी परिणाम दिसला तर मेट्रोचा नाही.

चहा_कमी_साखर: दादा, २०११ नाही चालणार, काम २००८ पासून सुरू होतं, मेट्रो येणार या आशेवरच भाव चढले असतील, मग प्लासीबो उगाच फेल दिसेल. त्यापेक्षा मुलुंड-भांडुपला खोटी लाइन आखून बघ. आणि मूळ प्रश्न, भाव घेतलेस कुठून? रेडी रेकनर असेल तर तो सरकारने ठरवलेला दर, तोही झोनचा. एक किमी आत-बाहेर करून त्यात काय दिसणार?

एमए_पार्ट_टू: ...रेकनरच आहे.

चहा_कमी_साखर: मग मॅडमना आजच फोन कर, आणि इंडेक्स-टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) मधले रजिस्टर्ड भाव काढायला लाग. थोडे कमी दाखवलेले असतात, पण निदान कुणीतरी खरंच दिलेले.