मदत हवी आहे: वारलेल्या वडिलांच्या नावावरची गाडी (एमएच १३, सोलापूर) माझ्या नावावर करायची आहे, सुरुवात कुठून करू?

अक्कलकोटरोडकर:

नमस्कार मंडळी. आमचे अण्णा यंदा गड्ड्याच्या जत्रेच्या (सोलापूरची जानेवारीतली सिद्धेश्वर यात्रा) आठ दिवस आधी वारले. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, होते. रात्रपाळी सुटली की हिरो होंडावर घरी यायचे. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला की आई चहा टाकायची. ती गाडी आता दारात आच्छादन घालून उभी आहे. विकायची नाही. मला ती चालवायची आहे, पण कागद नीट करून.

दिवसकार्य झाल्यावर दोन-अडीच महिने कुणी कागदाला हात लावला नाही. परवा पेटी उघडली. गाडीची नोंदणी जून २०१० ची, म्हणजे १५ वर्षं जून २०२५ मध्येच संपली. विमाही संपलेला. अण्णा तेव्हा दवाखान्यातच जास्त असायचे, कुणाच्या लक्षात राहणार?

ओळखीतल्या एका एजंटाला विचारलं. तो म्हणाला, "२९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरू, वडिलांची सही मी बघतो, ते गेले हे कुठं सांगायचंच नाही." मला ते अजिबात पटलं नाही. ज्यांनी आयुष्यात कुणाला खोटी पावती दिली नाही, त्यांच्या नावाची सही दुसऱ्याच कुणी ठोकायची? मी उठून आले. पण आता पुढं काय, ते कळत नाही.

आधी नवी नंबरप्लेट, आधी पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) की आधी वारसाचं नाव? भाऊ पुण्यात असतो, गाडी कधी तिकडं न्यायची झाली तर एमएच १२ करावी लागेल का? आणि माझं लायसन बिनगिअरच्या गाडीचं आहे, ते चालेल का? शेवटचं म्हणजे, जुनी पाटी अण्णांनी पेंटरकडून मराठी आकड्यांत रंगवून घेतली होती. ती ठेवता येईल?

जुनीमिलचाळ:

ताई, आधी अण्णांना नमस्कार. त्या एजंटाला नाही म्हणालात ते फार बरं केलंत. २९-३० हे फॉर्म विकणारा आणि घेणारा दोघं हयात असतील तेव्हाचे. मालक वारला असेल तर ३१ नंबरचा फॉर्म लागतो. मेलेल्या माणसाची सही करणं हा सरळ गुन्हा आहे, आणि अडकणार तुम्ही, एजंट नाही.

सासरे गेले तेव्हा मी हे सगळं केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. नियम असा की मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत नाव बदलायला अर्ज करायचा. तुमचे ३० दिवस गेलेत, ३ महिनेही जवळपास संपलेत. घाबरू नका, उशिराचे पैसे भरून काम होतं, पण आणखी लांबवू नका. मृत्यूचा दाखला, आरसी बुक, तुमचा आधार आणि पत्त्याचा पुरावा, शिवाय आई आणि भाऊ यांचं "गाडी हिच्या नावावर व्हायला आमची हरकत नाही" असं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. भाऊ पुण्यात आहे म्हणता, तर पुढच्या खेपेला येईल तेव्हाच सही घ्या. आमचं काम त्याच एका सहीवाचून दीड महिना रखडलं होतं.

क्रम सांगतो. सगळ्यात आधी नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे ती नवी सुरक्षा नंबरप्लेट, सक्तीची आहे, आणि ती नसेल तर नाव बदलणं, पत्ता बदलणं, बँकेचा बोजा उतरवणं ही कामं अडतात. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर एमएच १३ निवडा, चेसिस आणि इंजिन नंबर आरसी बुकातून बघून टाका. दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. प्लेट गाडीच्या नंबरला मिळते, त्यामुळे आरसीवर अण्णांचं नाव असलं तरी अडचण नाही. पैसे तिथंच भरा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर बुकिंग करू नका, खोट्या साइटी फार आहेत.

मग विमा आणि पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला). विमा काढताना मालक वारल्याचं कंपनीला सांगा. अण्णांच्या नावानं गुपचूप ऑनलाइन पॉलिसी काढली तर अपघातात तीच आडवी येईल.

त्यानंतर पासिंग, म्हणजे २५ नंबरचा फॉर्म. गाडी निरीक्षकाला दाखवावी लागते. ब्रेक, दिवे, हॉर्न, आरसे आधी मेस्त्रीकडून बघून घ्या. १५ ते २० वर्षांच्या दुचाकीच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून १००० रुपये, उशीर झाला तर महिन्याला ३०० जादा, आणि वर पर्यावरण कर. नूतनीकरण ५ वर्षांसाठी मिळतं. आम्ही २५ आणि ३१ दोन्ही फॉर्म एकदमच नेले होते, तुम्हीही तसंच करा.

पुण्याची काळजी नको. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर बदलत नाही, फक्त पत्ता बदलून घ्यायचा. विजयपुरा किंवा कलबुर्गीला कायमची न्यायची असती तर मात्र एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन तिकडचा नंबर घ्यावा लागला असता.

शिकवणीवाला:

लायसनचं मी सांगतो, रोज पोरांना आठचा आकडा काढायला शिकवतो. बिनगिअरच्या लायसनवर गिअरची मोटारसायकल चालवता येत नाही. नवीन लायसन काढायचं नाही, आहे त्यातच गिअरचा वर्ग वाढवून घ्यायचा. सारथीवर, म्हणजे लायसनच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज करा, त्या वर्गाचं कच्चं लायसन घ्या. ते ६ महिने चालतं, ३० दिवस झाल्यावर परीक्षा देता येते. आजच अर्ज केलात तर गाडीचे कागद होईपर्यंत तुमचंही लायसन होईल. तोवर ही गाडी रस्त्यावर काढू नका, अगदी दूध आणायलासुद्धा.

पाटीवरचे मराठी आकडे कायद्यात बसत नाहीत. अक्षरं रोमन आणि आकडे इंग्रजीच लागतात.

जुनीमिलचाळ:

पाटीचं राहिलंच. प्लेट बसवताना जुनी खोलून काढतात. तिथंच मागून घ्या, आम्ही सासऱ्यांची घेतली होती. घरात ठेवायला कोण अडवतंय?

अक्कलकोटरोडकर:

खूप आभार दोघांचे. प्लेटचं बुकिंग आत्ताच केलं, ५३१ च गेले. कच्च्या लायसनचा अर्जही भरला. भाऊ रविवारी येतोय, आईची आणि त्याची सही तेव्हाच घेते. जुनी पाटी मागून आणणार आहे. आई म्हणाली, अण्णांच्या खुंटीला लावू.