मोहोराची सर्दी आणि स्कायडायव्हिंग
सेट्रिझिन (ॲलर्जीच्या सर्दीची गोळी) घेऊन टँडम जंप, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारायची उडी, चालेल का विचारलंयस, तर झोप येऊ शकतेच रे त्याने, पण खरा घोळ कानाचा आहे. आमच्या रत्नागिरीत आंब्याची कलमं मोहरली की अर्ध्या गावाचं नाक गळतं, आणि चोंदल्या नाकाने १०,००० फुटांवरून उडी मारलीस की मिनिटाभरात निम्मी उंची संपते, बाहेरचा दाब भराभर वाढतो आणि नाकामागून कानात जाणारी नळी उघडली नाही तर असला ठणका लागतो की बास, कधी पडदाही फाटतो. आदल्या दिवशी नाक दाबून हळूच फुंकून बघ, दोन्ही कान टुक् करून उघडत नसतील तर सरळ तारीख पुढे ढकल. फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीच्याच दुसऱ्या गोळीने झोप कमी येते, पण डॉक्टरांना विचारून आधी घरी घेऊन बघ. दमा असेल तर इन्स्ट्रक्टरला सांगच, लपवू नको. तारकर्लीच्या स्कुबालाही हेच, तिथे पाण्यात १० मीटर खोलीवरच दाब दुप्पट.